प्रतिसाद : पोरं ओरडतात, तरी मागे ऐकू येत नाही

गॅदरिंगच्या नाटकात पोरं ओरडतात तरी मागच्यांना कळत नाही, या प्रश्नावर इथं एकानं 'माइक वाढवा' असं सुचवलंय. माइकनं आवाज वाढेल, शब्द स्पष्ट होणार नाहीत. खरी अडचण वाक्याच्या शेवटी असते. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आणि मुलांचा श्वास नेमका तिथंच संपतो. "बाबा, मी शाळा सोडणार नाही" यातलं 'नाही' गिळलं की अर्थच उलटा होतो!

उपाय सोपा आहे. मुलांना पाठीवर झोपवा, पोटावर वही ठेवा. चार अंक मोजत श्वास घ्यायचा, वही वर उचलली गेली पाहिजे. मग 'स्स्स' करत आठ अंकांपर्यंत सोडायचा. खांदे उचलले जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय. नंतर तेच संवाद मैदानात पंधरा-वीस पावलांवरून, घसा न ताणता म्हणायला लावा.

दुसरं, उभं राहणं. समोरच्या पात्राकडे पूर्ण वळलं की प्रेक्षकांना फक्त कान दिसतो. अर्धं वळा, प्रेक्षकांकडचा पाय थोडा मागे ठेवा, हातवारे पलीकडच्या हातानं करा म्हणजे चेहरा झाकत नाही. रंगमंचाची डावी-उजवी बाजू नटाची धरायची, प्रेक्षकांची नव्हे. हे पहिल्याच तालमीला पक्कं करा, नाहीतर एंट्री भलत्याच विंगेतून होते.

वडसा-गडचिरोलीकडे असाल तर दिवाळीनंतर झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीचं, एखादं नाटक मुलांना जरूर दाखवा. बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्या नटाकडे बघायला सांगा.