डोरोथी वर्ड्‌सवर्थ: भावाच्या कवितेत तिचा वाटा किती?

टाकदौत: इंग्रज कवी विल्यम वर्ड्सवर्थची ‘डॅफोडिल्स’ ही कविता पाठ असणाऱ्यांनाही ती फुलं पाहताना कवी एकटा नव्हता, हे बहुधा ठाऊक नसतं. १५ एप्रिल १८०२ रोजी इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या काठानं विल्यमबरोबर बहीण डोरोथी चालत होती. तिच्या रोजनिशीत आधी पाण्यालगत थोडीशीच फुलं दिसतात. पुढं जावं तशी ती वाढतात आणि काठानं हमरस्त्याएवढा रुंद पट्टा होतो. काही फुलं दमून शेवाळलेल्या दगडांवर उशीसारखी मान टेकतात, बाकीची वाऱ्यात नाचतात, हसतात. कविता १८०४ची, छापली १८०७ला. नाच आला, हसू आलं, बहीण मात्र गळाली. पहिल्याच ओळीत कवी ढगासारखा एकाकी! ही उचल आहे.

रानवाट: हा शब्द मला अजिबात मान्य नाही. मे १८००मध्ये ग्रासमिअर या त्यांच्या गावची रोजनिशी सुरू करतानाच तिनं लिहिलंय, यानं विल्यमला आनंद होईल. वही त्याच्यासाठीच होती. आणि नोंद म्हणजे कविता नव्हे. १३ मार्च १८०२ला तो ‘बेगर्स’ (भिकारी) ही कविता लिहीत होता. तिनं भिकारणीच्या मुलांबद्दलची जुनी नोंद वाचून दाखवली आणि तो अडला. त्या शब्दांतून त्याला सुटताच येईना, असं तिनंच नोंदवलंय. दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठण्याआधी त्यानं कविता पुरी केली. तिचं गद्य मागं पडल्यावरच त्याचं पद्य मोकळं झालं.

टाकदौत: सुटता येईना, म्हणजे पकड केवढी होती ते पाहा! आणि श्रेयाचं काय? १८१८ला ती स्कॅफेल पाइक हे इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर चढली. त्या चढाईचं तिचं वर्णन विल्यमच्या सरोवर प्रदेशाच्या मार्गदर्शिकेत गेलं, तेही तिच्या नावाविना.

रानवाट: नाव तिलाच नको होतं. १८०८च्या बर्फात आईबाप गमावलेल्या ग्रीन कुटुंबातल्या मुलांची हकिकत तिनं लिहिली. ती छापा म्हटल्यावर १८१०मध्ये तिनं साफ नकार दिला. लेखिका म्हणून पुढं येण्याची कल्पनाच तिला नकोशी होती.

काठावरचा: विल्यमला श्रेय देता येत नव्हतं असं नाही. याच ‘डॅफोडिल्स’मधल्या अंतर्चक्षूच्या दोन ओळी पत्नी मेरीच्या, आणि त्याच सर्वांत चांगल्या, हे त्यानं स्वतः सांगितलंय. म्हणून डोरोथीबद्दलचं मौन मला खटकतं. पण ‘नोंद म्हणजे कविता नव्हे’ म्हणणाऱ्यांनी तिची १८३२ची आजारपणातली कविता वाचावी. १८२९च्या दुखण्यानंतर तिचं फिरणं तुटत गेलं होतं. त्या कवितेत ती म्हणते, हालचाल नको, बळ नको, मोकळी हवाही नको. निसर्गातली सुंदर ठिकाणं मनात आणली आणि आठवणीसोबत मी तिथं पोचले.