अनुभव धागा: फुलिंगांच्या गावावर धाड, काय चालतं आणि काय फसतं

सातूवाला
आत्ता खिडकीत डास मारायची रॅकेट तडतडली आणि थेट व्हॅलहाइम या व्हिडिओ गेममधलं माळरान आठवलं, तिथल्या गॉब्लिनसारख्या फुलिंगांच्या गावांसकट. म्हटलं धागा काढूनच टाकू. तुमचं तंत्र लिहा, फुशारक्या नकोत.

माझ्याकडून सुरुवात. गाव एकदम अंगावर घ्यायचं नाही. साधा फुलिंग १७५ जिवाचा, त्यांचा मांत्रिक शामन १०० चा, धिप्पाड बर्सर्कर ८०० चा. डोक्यावर तारे असतील तर प्रत्येक ताऱ्यामागे मूळ जिवाइतका जीव वाढतो आणि मार निम्म्याने वाढतो. म्हणजे दोन ताऱ्यांचा साधा फुलिंग ५२५, बर्सर्कर २४००. दोन तारेवाला बर्सर्कर दिसला तर त्या दिवशी दुसरं गाव शोधा, त्यात काही कमीपणा नाही.

क्रम असा: आधी वाकून लांबून मचाणावरचे टिपायचे, मग शामन, मग एकेकाला गावाबाहेर ओढायचं. शामनला आधी का? तो बाकीच्यांवर संरक्षक बुडबुडा टाकतो. बुडबुडा असेपर्यंत तुमचे बाण त्यालाच लागतात, आतल्याला काही होत नाही. पाठ दाखवून सरळ रेषेत पळू नका, भाला पाठीत येतो.

डोंबिवलीचा ड्रॉगर
+१. बाण फ्रॉस्टचे न्या. ८ लाकूड, ४ ऑब्सिडियन, २ पिसं, १ फ्रीझ ग्लँड, यात २० होतात. मार राहू दे, लागलेला गडी मंद होतो हे खरं काम.

अळशीताई
गाव नंतर बघा, आधी डास! तो डेथस्क्विटो जिवाने १० चा, पण टोचतो ९० ने. लोक चिलखत घालून जातात तरी मरतात, कारण हिशोब माहीत नसतो. चिलखत माराच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर सरळ वजाबाकी होते. ९० चा मार, ३० चिलखत, ६० लागले. निम्मं किंवा जास्त असेल तर माराचा वर्ग भागिले चिलखताची चौपट. लोखंडी तिन्ही नग पूर्ण वाढवले की ६० होतात. ८१०० भागिले २४०, साधारण ३४ लागतात.

आता गंमत. छातीवर लोखंडाऐवजी रूट हार्नेस्क घाला. ते टोचणारा मार निम्मा करतं, आणि हा निम्मा चिलखताच्या आधी होतो. ९० चे ४५. लोखंडी टोप २०, पायात २०, हार्नेस्क पूर्ण वाढवलेलं १४, एकूण ५४. २०२५ भागिले २१६, म्हणजे ९ च्या आसपास. चिलखत कमी झालं आणि मारही कमी लागला.

दूध उतू जातंय, आले.

मुंजा_९९
ताई, शाळेत तुम्ही गणित शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.

डोंबिवलीचा ड्रॉगर
ताईंच्या हिशोबात एक खड्डा आहे. रूट हार्नेस्क आगीला कमकुवत आहे. शामन आगीचे गोळे फेकतो. माळावर फिरताना घाला, गावात शिरताना बदला. दोन्ही छात्या जवळ ठेवायच्या.

अळशीताई
बरोबर, ते लिहायचं राहिलं. 🙏 आणि डासाला बाणाने मारायच्या नादी लागू नका. ढाल वर, टोचू दे, तो लांब जाऊन वळून परत येतो, येताना एकच वार. सुया गोळा करा. ४ सुया आणि २ पिसांत २० बाण.

काठीवरचा कांबळी
ढालीचा विषय निघालाच आहे तर. भली मोठी टॉवर ढाल घेऊन जाऊ नका, तिच्याने पॅरी (ऐन वेळी वार परतवणं) होतच नाही. छोटी बकलर घ्या. वार यायच्या आत पाव सेकंदात ढाल उचलली तर अडवायची ताकद अडीच पट, गोल ढालीला दीड पटच. पॅरी झाली की समोरचा झोकांडतो आणि झोकांडलेल्याला दुप्पट मार.

बर्सर्करची मात्र पॅरी करायला जाऊ नका, निदान सुरुवातीला. त्याचा सोटा सावकाश येतो, दिसतो. बाजूला लोळण घ्या, दोन वार, परत लोळण. तिसऱ्या वाराचा मोह झाला की स्टॅमिना संपतो. खेळाडू मरतात ते स्टॅमिना संपल्यावर, जीव संपल्यावर नव्हे.

बोनमास हा बॉस मारून मिळालेली शक्ती गावासाठीच राखा. ५ मिनिटं चालते, परत मिळायला २० मिनिटं. वाटेत एका लॉक्सवर (माळावरचं अवाढव्य जनावर) उधळली आणि गावाशी पोचलात तर बसा वाट बघत.

कुडाळची गलबतं
फुकटचं सैन्य कुणीच सांगितलं नाही अजून? माळ आणि ब्लॅक फॉरेस्टच्या हद्दीवरचं गाव निवडा. वेगवेगळ्या गोटातले प्राणी एकमेकांवर तुटून पडतात. जंगलातून एक ट्रोल (राक्षस) मागे लावून घ्या, गावाकडे पळा, वाकून गवतात बसा. फुलिंग आणि ट्रोल आपापसात बघून घेतात. उरलेले तुमचे. तोटा एकच, ट्रोलच्या ओंडक्याखाली तुम्हीही येऊ शकता.

मुंजा_९९
दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ 😂

पोथीवाले काका
जरा अवांतर. 'फुलिंग' हे नाव नॉर्स पुराणांतलं नव्हे. स्वीडिशमध्ये फुल म्हणजे कुरूप, आणि फुलिंग म्हणजे कुरूप किंवा वाईट चालीचा माणूस. खेळ करणारा स्टुडिओ स्वीडनचाच. खेळाच्या आतल्या फायलींत तर यांचं नाव सरळ गॉब्लिन आहे आणि माळावरचा बॉस याग्लुथ, त्याचं गॉब्लिनकिंग. त्याउलट ड्रॉगर, ट्रोल, ड्वेर्गर हे जुन्या नॉर्स साहित्यातले. खेळातल्या हाल्डोर या व्यापाऱ्याकडे ९५० नाण्यांना मिळणारा मेगिंगयॉर्ड पट्टा हा नॉर्स देव थोरचा.

कुडाळची गलबतं
काका, तो पट्टा पुराणासाठी नाही, फुलिंगांकडून मिळणाऱ्या भंगारासाठी घ्यायचा! वजन उचलायची मर्यादा ३०० ची ४५० होते. नाणी फुलिंगच देतात. काळ्या धातूचं भंगार पोर्टलमधून जात नाही (जगाच्या सेटिंगमध्ये मोकळीक दिली असेल तर वेगळं). लाँगशिप या मोठ्या नावेत १८ खण आहेत, छोट्या कार्व्हमध्ये फक्त ४. नाव किनाऱ्याला लावताना नाक समुद्राकडे ठेवा. पळताना नाव वळवत बसायची वेळ येऊ नये.

नवखा_नितीन
भंगार आणलं पण भट्टीत जात नाहीये. मदत करा प्लीज

डोंबिवलीचा ड्रॉगर
साध्या स्मेल्टरमध्ये घालताय. ब्लास्ट फर्नेस लागते: २० दगड, ५ सर्टलिंग कोअर, १० लोखंड, २० फाइन वूड. बांधताना जवळ आर्टिझन टेबल हवं, त्याला मोडेरचे २ अश्रू लागतात. म्हणजे मोडेर मारल्याशिवाय काळा धातू नाही. भट्टीत एका वेळी १० भंगार आणि २० कोळसा मावतो, एका नगाला २ कोळसे.

नवखा_नितीन
मोडेर कोण?

मुंजा_९९
डोंगरावरची ड्रॅगन बॉस. नितीन भाऊ, तुम्ही आधी डोंगरावर जा. मफलर न्या.

अळशीताई
अहो चिडवू नका त्याला. नितीन, गावातून बार्ली आणि फ्लॅक्सची (अळशीची) रोपं उपटून आण, खायच्या आत पेर. दोन्ही फक्त माळावरच उगवतात, घरच्या शेतात लावलीस तर येणार नाहीत. एका रोपाची दोन होतात. शेताला लाकडी कुंपण घालू नकोस, बर्सर्कर फोडतो. कुदळीने खंदक खण किंवा 'हो' (hoe) हे अवजार वापरून मातीचा बांध उचल, प्रत्येक उचलीला ४ दगड. माती त्यांना फोडता येत नाही.

रात्रपाळी
दुसऱ्या खेळातलं सांगतो. आमच्याकडे युद्धखोर म्हणजे गॉड ऑफ वॉरमधले डार्क एल्फ. २०१८ चा भाग. अल्फहाइममधल्या प्रकाशासाठी लाइट एल्फांशी कायमची मारामारी. ते आंधळं करतात, पडदा काळवंडतो. तेव्हा उभं राहून कुऱ्हाड फिरवण्यापेक्षा लोळत अंतर काढा आणि सोबतच्या मुलाला, अत्रेयसला, बाण मारत ठेवा. उडणाऱ्याला खाली आणायला तोच कामाचा.

पोथीवाले काका
हे युद्ध मात्र खेळवाल्यांचं. तेराव्या शतकातल्या स्नोरीच्या एड्डात, म्हणजे नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथात, उजळ एल्फ सूर्याहून सुंदर आणि काळे डांबराहून काळे, जमिनीखाली राहणारे, एवढंच आहे. लढाईचा उल्लेख नाही. अल्फहाइम तर फ्रेयर देवाला दात आल्याची भेट म्हणून मिळालेलं.

मुंजा_९९
दात आल्यावर अख्खा लोक?? आम्हाला बोरन्हाणात चुरमुरे मिळाले.

काठीवरचा कांबळी
😂😂 बरं, परत गावात. फुलिंगांचा टोटेम विसरू नका, मारामारीच्या धांदलीत खांबावर तसाच राहतो. याग्लुथला बोलवायला ५ लागतात. त्याचा जीव १०,००० आणि बराचसा आगीचा खेळ, म्हणून फायर रेझिस्टन्स बार्ली वाइन आधी करून ठेवा. १० बार्ली, १० क्लाउडबेरी, फर्मेंटरमधून ६ बाटल्या. आंबायला बराच वेळ लागतो. फर्मेंटर छपराखाली नसेल तर काम करत नाही, हे बघा आधी.

अळशीताई
आणि ती १० बार्ली पिठाला वापरून टाकू नका. एका लॉक्स पायला ४ पीठ लागतं, पवनचक्की दिसली की हात आवरत नाही.

नवखा_नितीन
पवनचक्की पण बांधायची??