कुत्रा बरा होणार नाही हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगावं की मालकाने विचारेपर्यंत थांबावं?

दादरवाली:
आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या म्हाताऱ्या लॅब्राडोर कुत्र्याची किडनी गेली होती. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) ९ च्या वर, तोंडात अल्सर, श्वासाला घाण वास, खाणं बंद, तरी रोज टॅक्सीत घालून सलाईनला नेत होते, पुढच्या पायाची शीर मिळेना म्हणून मागच्या पायाला टोचायचे. काकांनी विषय काढला नाही आणि डॉक्टरांनीही नाही, रोज आपलं "उद्या बघू". जुनाट आजारात किडनीचा गेलेला भाग परत येत नाही, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत दोन्ही किडन्यांचं मिळून साधारण पाऊण काम गेलेलं असतं, हे जो शिकलाय त्यानेच तोंड उघडायला हवं ना? इलाज, नुसता त्रास कमी करणं, शांत मरण, तिन्ही पर्याय खर्चासकट समोर ठेवा. निवड मालकाची, पण गप्प बसून सलाईन लावत राहणं हा धंदा झाला.

मुलुंडचा_व्हेट:
धंदा म्हणू नका, राग येतो. पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा, किडनीवर जाणारा संसर्ग) झालेला कुत्राही असाच येतो, क्रिएटिनिन तेवढंच, उलट्या तशाच, पण सलाईन आणि अँटिबायोटिकवर त्यातले बरेच उठून उभे राहतात. पहिल्या दिवशी मी मरणाचं नाव काढलं आणि मालक खचून घरी घेऊन गेला तर वाचणारा जीव जातो, ते कुणाच्या माथी? आणि बोललो की "डॉक्टरच मारायला निघाला" असं सोसायटीभर होतं.

दादरवाली:
लेप्टोचं मान्य, पण त्याची टेस्ट होते. आणि हा कुत्रा कित्येक महिने बादलीभर पाणी प्यायचा, वजन उतरत होतं, सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या होत्या, हा लेप्टो कसा असेल? आणि जिथे नक्की कळत नाही तिथे "अजून कळत नाहीये, तीन दिवस देऊया, मग परत बोलू" एवढं म्हणायला काय जातं?

घाटकोपर_७७:
आमच्याकडे ते शांत मरणाचं इंजेक्शन कधीच चालणार नाही. जीव त्याच्या वेळेलाच जाणार, आपण शेवटपर्यंत सेवा करायची. डॉक्टरांनी न विचारता तो पर्याय सांगितला तर मला अपमान वाटेल.

परळकर:
@घाटकोपर तुमची श्रद्धा तुमची, कोणी जबरदस्ती करत नाहीये. पण सेवा म्हणजे रोज सुया टोचणं नाही. उलटी थांबवणारं औषध, तोंडातल्या जखमांना जेल, त्वचेखालून घरीच पाणी देणं, हेही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तुम्हाला कसं कळणार? रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी २०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांत लिहिलंय की बरा न होणारा आजार असेल तर टीमने तपासून शांत मरणाचं ठरवायचं. घरच्या कुत्र्याचं मात्र सगळं एका केबिनमधल्या बोलण्यावर.

मुलुंडचा_व्हेट:
ठीक, सोनोग्राफीनंतर बोलायलाच हवं, त्यात वाद नाही. पण मग मालक विचारतो, "डॉक्टर, तुमचा कुत्रा असता तर?" त्याचं उत्तर मी देत नाही. मी काहीही म्हटलं तरी तो तेच करतो आणि नंतर आयुष्यभर मला धरून बसतो.

दादरवाली:
त्या प्रश्नाचंच उत्तर हवं असतं हो लोकांना! काकांना कोणीतरी "मी असतो तर आता थांबलो असतो" म्हणालं असतं तर त्या लॅबचा शेवटचा आठवडा टॅक्सीत गेला नसता. तुम्हाला धरून बसतील याची भीती खरी आहे, पण तेवढ्यासाठी त्रास कुत्र्याने का काढायचा?