ग्रनादाची रात्र: कुठे, किती वाजता, कोणत्या वाटेनं?

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या सहलीत बहुतेक जण ग्रनादा शहराला एक दिवस देतात. सकाळी अल्हांब्रा, म्हणजे टेकडीवरचा किल्ला, राजवाडे आणि बागा, दुपारी जेवण, संध्याकाळी सेव्हिल किंवा मालागाची बस. म्हणजे शहर जागं व्हायच्या वेळेला आपण बाहेर पडलेलो असतो. ज्यांना तिथली रात्र नीट माहीत आहे त्यांनी खाली आपापल्या टोपणनावानं लिहावं. अट एकच: 'गेलो, पाहिलं, भारावलो' नको. वेळ, वाट, खर्च आणि फसायची ठिकाणं सांगा.

सुरुवात घड्याळापासून करतो, कारण सगळं त्यावर अडतं. ग्रनादा लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ बर्लिनचं. त्यामुळे जूनअखेरीस सूर्य रात्री ९:४० च्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्यावर ८:२० ला आणि डिसेंबरात ६ च्या आसपास. 'संध्याकाळी सातला फिरायला निघू' हा बेत जुलैत म्हणजे भर उन्हातली चढण. दुपारी दोन तास झोप काढा. तिकडचे लोकही त्या वेळी रस्त्यावर दिसत नाहीत.

रातवा

अल्हांब्राच्या रात्रीच्या तिकिटाबद्दल. हे दिवसाच्या तिकिटात येत नाही, वेगळं काढावं लागतं, आणि दोन प्रकारचं असतं: एक नासरी (इथल्या जुन्या मुस्लिम राजघराण्याच्या) राजवाड्यांचं, दुसरं हेनेरालीफेच्या बागांचं. राजवाड्यांसाठी १ एप्रिल ते १४ ऑक्टोबर मंगळवार ते शनिवार रात्री १० ते ११:३०, एरवी फक्त शुक्रवार-शनिवार ८ ते ९:३०. बागांचे दिवस याहून कमी असतात, भर उन्हाळ्यात तर त्या रात्री बंदच. वेळा बदलू शकतात, अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच तारीख ठरवा.

तिकीट नावावर असतं आणि दारात मूळ पासपोर्ट मागतात. आपल्याकडे पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. नाव पासपोर्टात जसं छापलंय तसंच्या तसं भरा आणि पासपोर्ट क्रमांक दोनदा तपासा. मुलांचंही.

रात्रीच्या तिकिटात अल्काझाबा हा जुना किल्ला नाही, त्याच्या बुरुजांवर जाता येत नाही. 'रात्री वरून शहर पाहू' म्हणून हे तिकीट काढणाऱ्यांची निराशा इथे होते. मिळतात ते राजवाडे. गर्दी दिवसापेक्षा कमी आणि पाण्याचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता. वारा नसेल तर मेंदीच्या चौकातल्या लांब हौदात कोमारेसचा ४५ मीटरचा बुरूज अख्खा उलटा दिसतो. सिंहांच्या चौकातले १२ सिंह आणि १२४ खांब खालून येणाऱ्या मंद उजेडात असतात, नक्षीची खोली सावल्यांमुळे जास्त उठते. तोटाही आहे. 'दोन बहिणींच्या दालना'च्या छताला पाच हजारांहून अधिक मधाच्या पोळ्यासारखे कप्पे आहेत. ते दिवसा वरच्या खिडक्यांतल्या उजेडात उलगडतं, रात्री त्यातलं निम्मं अंधारात जातं. भिंतींवरचे रंगांचे अवशेषही दिसत नाहीत. म्हणून एकच भेट जमणार असेल तर ती दिवसाची. रात्रीची दुसरी.

तिवई नको

फोटोवाल्यांसाठी. राजवाड्यांत तिवई आणि फ्लॅश चालत नाही. भिंतीला किंवा खांबाला हात लावलेलाही नाही, त्यामुळे 'खांबाला टेकून स्थिर करू' ही युक्ती विसरा. फोनचा नाइट मोड तीन सेकंद घेतो, तेवढ्यात चौघं समोरून जातात. एक सेकंदावर आणा, कोपरं छातीला टेकवा, श्वास सोडताना बटण दाबा. पाण्यातलं प्रतिबिंब हवं तर खाली बसा, पातळी जितकी खाली तितका बुरूज पूर्ण येतो.

बाहेरून अल्हांब्रा पाहायला सगळे मिरादोर दे सान निकोलासला जातात. मिरादोर म्हणजे सज्जासारखी मोकळी जागा, अल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या टेकडीवर, समोर दारो नदीची घळ, पलीकडे अल्हांब्राचा लाल किल्ला आणि मागे सिएरा नेवादाचे डोंगर. सूर्य किल्ल्यामागे मावळत नाही, तुमच्या उजव्या हाताला मावळतो. मावळतीचा फोटो काढायला आलेले तिथे गोंधळतात. पाहायचा असतो तो तांबड्या भिंतीवर पडलेला उजेड, आणि त्यानंतर २०-३० मिनिटांनी, आकाश गडद निळं असताना लागलेले दिवे. लोक सूर्य गेला की टाळ्या वाजवून निघतात. खरा फोटो त्या क्षणानंतरचा. कठड्यावरची जागा पाऊण तास आधी धरावी लागते आणि पिशवी मांडीवर ठेवावी लागते, पाठीमागे ठेवलेली जाते.

गर्दी नको असेल तर आणखी वर सान मिगेल आल्तो. दृश्य मोठं, किल्ला लहान दिसतो, आणि परतीची वाट काळोखी. तिथे एकट्यानं रात्री थांबू नये.

रातवा

वरचा प्रतिसाद वाचून एक हिशेब राहिला. सान निकोलासचे दिवे आणि रात्री १० चं तिकीट एकाच दिवशी जमतं का? जून-जुलैत नाही. दिवे लागून आकाश निळं होईपर्यंत दहा वाजतात, आणि तिथून खाली प्लाझा नुएव्हा या चौकात उतरून पुन्हा पलीकडची टेकडी चढायला ४०-४५ मिनिटं लागतात. तिकिटावरची राजवाड्याच्या दाराची वेळ चुकली की आत सोडत नाहीत. सप्टेंबरात जमतं, मध्ये खायलाही वेळ मिळतो. हिवाळ्यात ६:३० ला दिवे आणि ८ ला प्रवेश, हे सर्वांत सोयीचं. मात्र शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याकडे जातो. राजवाड्यांचे चौक उघडे असतात, स्वेटरवर भागत नाही.

काकवी

आता पोटाचं. ग्रनादात पेय मागवलं की सोबत छोटी बशी फुकट येते, तिला तापा म्हणतात. स्पेनमध्ये सगळीकडे हे नाही, इथे अजून आहे. पेय साधारण तीन युरो. दारूच हवी असं नाही: मोस्तो म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस, बिनदारूची बिअर किंवा साधं थंड पेयही चालतं. पुष्कळ ठिकाणी तापा आपण निवडायचा नसतो, स्वयंपाकघर पाठवेल तो. दुसऱ्या पेयाला वेगळा येतो. म्हणून एका बारमध्ये दोन फेऱ्या, मग पुढचा बार. कायये नावास आणि काम्पो देल प्रिन्सिपे हे दोन भाग त्यासाठी पुरेत. काउंटरला उभं राहिलात तर लवकर मिळतं.

शाकाहाऱ्यांनी हे पाठ करा. तिकडे 'कार्ने' (मांस) म्हटलं की हॅम आणि ट्यूना लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. 'सिन कार्ने' एवढंच सांगितलं तर हॅमचे तुकडे पेरलेली बशी येते. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन अतून' (मांस, मासे, हॅम, ट्यूना नको) असं चारही सांगा, आणि पेय मागवतानाच सांगा. बशी आल्यावर परत पाठवलीत तर बदल्यात बहुधा ऑलिव्ह मिळतील. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप, पण वर अंडं आणि हॅम भुरभुरतात. 'तोर्तिया देल साक्रोमोंते' साधं ऑम्लेट समजू नका, त्यात मेंदू घालतात. रेमोखोन म्हणजे संत्र्याची कोशिंबीर, पण त्यात कॉड मासा असतो.

बिनधास्त मागवा: 'बेरेंखेनास कोन मिएल दे कान्या'. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी. आपलीच काकवी, फक्त जास्त काळी. ग्रनादाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर अरब काळापासून ऊस होता, त्याचा हा मागमूस. गरम असतानाच खा, पाच मिनिटांत मऊ पडतं.

स्वयंपाकघरं साडेआठच्या आधी सुरू होत नाहीत. सात वाजता भूक लागणाऱ्यांनी काल्देरेरिया नुएव्हा या गल्लीतल्या चहाघरांत पुदिन्याचा चहा आणि काही गोड घेऊन वेळ काढावा.

सम

साक्रोमोंते या टेकडीवरच्या वस्तीतल्या गुहांत होणाऱ्या साम्ब्रा या जिप्सी नाचाबद्दल. हे रंगमंचावरचं फ्लामेंको नव्हे. चुन्यानं रंगवलेली लांबट गुहा, दोन्ही भिंतींना खुर्च्या, मधल्या पट्ट्यात नाच. टाचांचा मार सरळ तुमच्या पायांना जाणवतो. आल्बोरेआ, काचुचा आणि मोस्का हे तीन नाच इथल्या जिप्सी लग्नविधीतले. कार्यक्रम साधारण तासाभराचा. हॉटेलातून नेण्या-आणण्यासकट तिकीट महाग पडतं. फक्त कार्यक्रमाचं तिकीट काढून सी ३४ बसनं गेलात तर स्वस्त, पण परतीची शेवटची बस आधी पाहून ठेवा. खुर्ची मधोमध धरा, अगदी टोकाला बसलात तर नर्तकीची पाठच जास्त दिसते.

टाळ्यांत सामील होऊ नका. बरेच प्रकार १२ मात्रांच्या आवर्तनात असतात, पण आघात ३, ६, ८, १० आणि १२ वर. एकताल कानात असलेल्या माणसाला वाटतं आपल्याला जमेल, आणि तिथेच तो चुकतो. त्यांचा जोर बाराव्या मात्रेवर येऊन पडतो, आपली सम पहिलीवर. मोजत बसा, वाजवू नका.

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी रात्री 'क्रिस्तो दे लोस खितानोस'ची (जिप्सींच्या ख्रिस्ताची) मिरवणूक याच चढणीवरून वर जाते, वाटेत शेकोट्या पेटवतात आणि पहाट होते. त्या रात्री बस-टॅक्सीचा विचारच सोडा.

चपला

पायांचं कोणी लिहिलं नाही. जुन्या गल्ल्यांत नदीतले गोल गोटे बसवलेत, काळे-पांढरे, नक्षीत. शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेत, दव पडलं की निसरडे. चामडी तळव्यांचे बूट आणि टाचा नकोत, खाचांच्या रबरी तळव्याचे हवेत. चाकांची बॅग अल्बाइसीनमध्ये ओढता येत नाही आणि टॅक्सी पुष्कळ गल्ल्यांत शिरत नाही. मुक्काम तिथे घेताना 'गाडी कुठवर येते' हे आधी विचारा.

रात्रीच्या भेटीला जाताना सी ३० बसनं पुएर्ता दे ला खुस्तिसिया, म्हणजे न्यायद्वाराच्या थांब्यावर उतरा. शेवटपर्यंत गेलात तर तिकीटघरापाशी पोहोचता आणि तिथून राजवाड्यांपर्यंत पुन्हा १५ मिनिटं चालावं लागतं. चालत जायचं तर प्लाझा नुएव्हाहून कुएस्ता दे गोमेरेस, डाळिंबांचं द्वार, मग झाडीतली चढण. राजवाड्यांपर्यंत २०-२५ मिनिटं.

परततानाही हीच वाट. नकाशा कदाचित कुएस्ता दे लोस चिनोस दाखवेल, कारण ती सरळ पासेओ दे लोस त्रिस्तेस या दारोकाठच्या रस्त्याला उतरते. दिवसा सुंदर आहे. रात्री उजेड कमी, उतार तीव्र, आणि पायाखाली तेच गोटे. पासेओला जायचंच असेल तर गोमेरेसनं खाली उतरून दारोच्या काठानं चालत जा, दहा मिनिटं जास्त लागतील. त्या काठावर मान वर केली की किल्ला थेट डोक्यावर उभा असतो.