ताडोबात तंबू? कोअरमध्ये नाही

ताडोबात तंबू ठोकून राहता येतं का, असं कुणीतरी विचारलंय. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, नाही. मुक्काम मोहर्ली, कोलारा अशा गेटांजवळ, तोही परवानगी असलेल्या जागीच. रात्री जंगलात बसायची हौस असेल तर बुद्ध पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसू देतं. 'निसर्गानुभव' म्हणतात त्याला. नोंदणी आधी करावी लागते. डास फोडून काढतात, वाघ येईलच असं नाही, पण चांदण्यात पाण्यावर आलेलं अस्वल सफारीच्या उघड्या जिप्सीतून तसं कधीच दिसत नाही.

सफारीत वाघामागे गाडी पळवण्यापेक्षा पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून कान द्या, असं माझं मत. (गाइडला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा वाघ दाखवायच्या दडपणाखाली असतो.) वाघाची चाहूल लागली की हरणं ओरडून इशारा देतात. चितळ कधीकधी उगाचही ओरडतं. सांबराने 'पोंक' केलं की मात्र कॅमेरा हातात घ्यायचा. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात, ती खायला अस्वलं येतात; तेव्हा त्या झाडांखालीही लक्ष असू द्या.

मंगळवारी उद्यान बंद, पावसाळ्यात कोअरही. आणि मे महिन्यात जाणार असाल तर ऊन चंद्रपूरचं आहे: पाणी भरपूर घ्या, टोपीपेक्षा ओला पंचा बरा.