डेथ पॅनल ते फुकट दवाखाना : थापा मारतं कोण आणि गिळतं कोण?

एडिसनकर :
अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या दरवाढीच्या धाग्यावर डॅलसचा दादा यांनी काल ठोकून दिलं : "ओबामाकेअरचे हप्ते वाढले कारण बेकायदेशीर घुसलेल्यांना फुकट उपचार मिळतात, आणि बिल आपण भरतो. शटडाऊन झाला तोही त्याच्यासाठीच." त्यावर प्लस वनची रांग लागली. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बेकायदेशीर राहणाऱ्या माणसाला मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारात, प्लॅन विकतसुद्धा घेता येत नाही. खिशातले पूर्ण पैसे मोजले तरी नाही. मग सबसिडी कुठून मिळणार? 2010च्या कायद्यातच, म्हणजे ओबामाकेअरमध्येच, तसं लिहिलंय. 9 सप्टेंबर 2009 ला ओबामा काँग्रेससमोर हेच सांगत होते, तेव्हा रिपब्लिकन खासदार जो विल्सन भर सभागृहात "खोटं बोलताय" म्हणून ओरडले. सोळा वर्षं उलटली, थाप तीच, फक्त ती आता मराठीत फॉरवर्ड होते. गरिबांसाठीचा सरकारी विमा, म्हणजे फेडरल मेडिकेड, तोही या लोकांना नाही. इआरमध्ये (तातडीच्या विभागात) जीव जायला आलेल्याला हॉस्पिटल हाकलू शकत नाही, एवढंच. तो कायदा 1986चा, सही रेगनची. त्यापोटी मेडिकेडचा जो इमर्जन्सी खर्च होतो तो एकूण मेडिकेड खर्चाच्या एक टक्क्याच्याही आत आहे.

हप्ते वाढले कारण 2021 साली वाढवलेली सबसिडी 2025 अखेर संपली. ती चालू ठेवा म्हणून भांडण झालं, 43 दिवस सरकार बंद राहिलं आणि हाती धुपाटणं आलं. आता सरकारी दारिद्र्यरेषेच्या 400 टक्क्यांची रेघ परत आलीय. दोघांच्या घराचं उत्पन्न 84,600 डॉलरच्या वर एक डॉलर गेलं की सबसिडी शून्य. साठीतल्या, लवकर रिटायर झालेल्या आपल्याच कित्येक काका-काकूंना हा फटका बसलाय. त्यांनी राग कुणावर काढायचा, ते फॉरवर्डवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

2009च्या डेथ पॅनलचं असंच झालं होतं. शेवटच्या आजारात काय उपचार हवेत, काय नकोत, याबद्दल पेशंटशी बोलायला डॉक्टरला मेडिकेअरने (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने) फी द्यावी, एवढं एक कलम होतं. रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी फेसबुकवर त्याचं 'डेथ पॅनल', म्हणजे कुणी जगायचं ते ठरवणारी सरकारी समिती, करून टाकलं आणि कलम गाळावं लागलं. 2016 पासून मेडिकेअर त्याच बोलण्याची फी देतं. आता कुणी हूं की चूं करत नाही.

डॅलसचा दादा :
वा, आमच्या एका वाक्यावर प्रबंध! धन्यवाद.

आता तुमच्या बाजूची थाप ऐका. "तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील." कोण म्हणालं होतं? 2013 च्या शेवटी लाखो लोकांना प्लॅन रद्द झाल्याची पत्रं आली, त्यातलं एक माझ्या घरी आलं. तेव्हा मी स्वतःचा धंदा करत होतो, बायको गरोदर. नवा प्लॅन मिळाला, हप्ता जवळजवळ दुप्पट आणि आमची डॉक्टर नेटवर्कच्या बाहेर. 2009 ला वर्षातली सर्वांत मोठी थाप म्हणून पॉलिटिफॅक्ट या तथ्यतपासणी साइटने डेथ पॅनल निवडलं, आणि 2013 ला ओबामांचं हे वाक्य. दुसरं तुम्ही सोयीस्कर विसरलात.

शिवाय जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियाने कागदपत्रं असोत-नसोत, सगळ्या गरीब प्रौढांना मेडिकॅल, म्हणजे तिथलं मेडिकेड, उघडं केलं. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि गव्हर्नर न्यूसमसाहेबांनाच 2026 पासून बिनकागदांच्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवावी लागली. म्हणजे फुकट मिळत होतंच की हो!

एडिसनकर :
ओबामांचं ते वाक्य खोटंच होतं. घ्या, लिहून दिलं. पण तुमचा जुना प्लॅन बाळंतपण तरी कव्हर करत होता का? तेव्हाच्या वैयक्तिक प्लॅनमध्ये बहुतेक वेळा ते नसायचंच.

कॅलिफोर्नियाचा पैसा कॅलिफोर्नियाचा. डॅलसमध्ये बसून तुम्ही त्यातला एक छदामही भरत नाही. आणि तुमच्या टेक्सासने तर ओबामाकेअरखाली मेडिकेड जास्त गरिबांपर्यंत अजून वाढवलेलंच नाही. चाळीस राज्यांनी वाढवलं.

फ्रीमाँटची सून :
मी भरते ना छदाम! इथे राहते, टॅक्स देते. आणि मेडिकॅलचा विषय निघालाच आहे तर ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते बोलते. बेकायदेशीर लोकांचं सोडा. आपल्यातले टेस्ला चालवणारे, आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणणारे, आणि दुसऱ्या महिन्यात त्यांना मेडिकॅलला लावणारे किती आहेत? मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत हाच विषय. "अगं फुकटच आहे, दातसुद्धा करून घे." कोथरूडला दोन फ्लॅट, ठाण्यात गाळा भाड्याने, आणि इकडे कागदावर उत्पन्न शून्य. 2024 ला मालमत्तेची अट काढली तेव्हा तर उधाणच आलं. आता जानेवारीपासून एकट्या माणसाला 1,30,000 डॉलरची मर्यादा परत आलीय, तर त्याच बायका विचारताहेत की फ्लॅट भावाच्या नावावर केला तर चालेल का.

तिरकस तात्या :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सुनबाई, गणपतीत उकडीचे मोदक तरी होते की तेही फ्रोझन?

मिलपीटास :
@फ्रीमाँटची सून, दुसऱ्याच्या आईबापांवर चिखल उडवणं सोपं असतं. माझे वडील आधी व्हिजिटर व्हिसावर आले होते. महागातला विमा काढला होता. तिसऱ्या आठवड्यात स्ट्रोक. विमा कंपनी म्हणाली, बीपीची गोळी चालू होती ना, मग हा जुनाच आजार, आम्ही देणार नाही. बिल बघून माझी बायको किचनमध्ये खाली बसली. हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांशी महिनोन्‌महिने फोनवर घासाघीस केली, हप्ते अजून चालू आहेत. नंतर ग्रीन कार्ड झालं. 1996च्या कायद्याने पहिली पाच वर्षं फेडरल मेडिकेड नाही, मेडिकेअर विकत घ्यायलाही पाच वर्षं सलग इथे राहावं लागतं, आणि नंतर ज्याने इथे नोकरी केली नाही त्याला मेडिकेअरच्या नुसत्या पार्ट एला (हॉस्पिटलच्या भागाला) महिन्याला 500 डॉलरच्या वर. राज्याने कायद्याने दिलं ते घेतलं. चोरी केली नाही.

फ्रीमाँटची सून :
तुमच्यावर नव्हतंच ते. पण "कायद्याने दिलं ते घेतलं" हेच तो मेक्सिकन भांडी घासणारासुद्धा म्हणू शकतो. त्याला फुकटा म्हणायचं आणि आपण मात्र हक्कदार? ग्रीन कार्डच्या वेळी मुलाने सही करून दिलेली असते की यांना मी सांभाळीन. त्या कागदाचं काय करायचं, चुलीत घालायचा?

मिलपीटास :
मी कुणाला फुकटा म्हटलंय ते दाखवा. नाहीतर शब्द मागे घ्या.

फ्रीमाँटची सून :
तुम्ही नाही, दादांनी म्हटलं. वाचा वरती.

डॅलसचा दादा :
आता मीच सापडलो का! मी 'फुकट उपचार' म्हणालो, 'फुकटा' नाही. शिवाय माझे आईवडील सांगलीत आहेत आणि तिकडेच सुखी आहेत.

नर्सबाई :
रात्रपाळी करून आलेय, म्हणून थोडक्यात. दरांबद्दलच्या थापांनी खिसा जातो, लसींबद्दलच्या थापांनी मूल जातं. त्यावर अजून कुणी एक ओळ लिहिली नाही.

2025 ला टेक्सासच्या गेन्स काउंटीतून गोवर पसरला. राज्यात 762 केसेस आणि दोन शाळकरी मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. जीवनसत्त्व अ घ्या म्हणून आरोग्यमंत्र्यांपासून सगळे बोलत होते. लबकच्या मुलांच्या हॉस्पिटलात त्याच जीवनसत्त्वाच्या अतिडोसाने यकृत बिघडलेली मुलं आली. जूनमध्ये सरकारच्या लस सल्लागार समितीचे 17 च्या 17 सदस्य काढले. डिसेंबरमध्ये नव्या समितीने मत दिलं : आईची टेस्ट निगेटिव्ह असेल तर बाळाला जन्मतःच हेपटायटिस बी द्यायची का, ते आईबापांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं.

आपल्या लोकांनी हे कान उघडे ठेवून ऐका. भारतात हा विषाणू अमेरिकेपेक्षा बराच जास्त आहे. घरात आजी असते, आजोबा असतात, कुणाला टेस्ट माहीत नसते. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांना तो आजार कायमचा राहतो. माझ्याकडे एक मराठी जोडपं होतं, दोघंही आयटीत. "आम्ही रिसर्च केलाय," म्हणाले. रिसर्च म्हणजे पॉडकास्ट. बाळाच्या आजोबांना हेप बी आहे हे तिसऱ्या दिवशी सहज बोलताना कळलं.

गरवारे पुलाखाली :
नर्सबाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण लोक पॉडकास्टकडे का गेले? 1996 ला ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक बाजारात आलं, व्यसन लागायचा धोका कमी म्हणून विकलं. ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने 2007 ला गुन्हा कबूल केला, 2020 ला पुन्हा केला. अलाबामातल्या टस्कीगीला 1932 ते 72 काळ्या माणसांचा सिफिलिस बिनउपचार नुसता बघत बसले, आणि ते खुद्द सरकारी आरोग्य खात्याने. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा खेळताना पडला, पाठीच्या गोळ्यांवरून हेरॉइनवर गेला. त्या बापाला "तज्ज्ञांवर विश्वास ठेव" म्हणून सांगून या.

नर्सबाई :
त्या बापाला काय सांगणार मी? काही नाही. पण पर्ड्यूचं बिंग डॉक्टरांनी, वकिलांनी आणि पत्रकारांनी कागद शोधून फोडलं. आणि वेकफिल्ड? लसीने ऑटिझम होतो असं सुचवणारा त्याचा 1998 चा पेपर बारा मुलांवर होता, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 ला मागे घेतला. तुमचा अविश्वास इतका कडक आहे ना, मग तो या गृहस्थाला का नाही लावत?

गरवारे पुलाखाली :
लावतो. माझ्या मुलांना सगळ्या लसी दिल्यात. लोक असे का झाले एवढंच सांगत होतो, पण इथे कारण सांगितलं की माणूस लगेच पलीकडच्या पार्टीचा होतो.

खडूस काकू :
तुमचं डेथ पॅनल खरं आहे हो. फक्त ते सरकारात नाही, विमा कंपनीत बसतं. माझ्या नवऱ्याच्या एमआरआयचं प्रायर ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, नाकारली. आधी सहा आठवडे फिजिओ करा म्हणे. डॉक्टरने फोनवर कंपनीच्या डॉक्टरशी वाद घातला, तो डॉक्टर निघाला भलत्याच स्पेशालिटीचा. अपील केलं, मंजूर झालं, तोवर पायातली ताकद गेली होती. डिसेंबर 2024 ला मॅनहॅटनमध्ये त्या युनायटेड हेल्थकेअरच्या सीईओला गोळ्या घातल्या तेव्हा लोक हसण्याच्या इमोजी टाकत होते. मला ते किळसवाणं वाटलं. पण नवल नाही वाटलं.

एडिसनकर :
काकू, म्हणूनच तर मी चिडलोय! राग खरा आहे, बिलं खरी आहेत, आणि तो सगळा राग कुणीतरी उचलून भलत्याच माणसाच्या दारात नेऊन टाकतो. केंटकीत 2014 च्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांना ओबामाकेअर नको होतं, आणि त्याच कायद्याखालचं त्यांच्या राज्याचं कायनेक्ट (विमा-बाजार) नको म्हणणारे चौथा हिस्सासुद्धा नव्हते.

डॅलसचा दादा :
बरं. हप्ते सबसिडी संपल्यामुळे वाढले, हे मान्य. शटडाऊनबद्दलचं माझं वाक्य जरा ढोबळ होतं असं समजा. बाकी 2013 चं पत्र मी अजून जपून ठेवलंय, आणि कॅलिफोर्नियाने हात पोळून घेतले या मतावर ठाम आहे.

फ्रीमाँटची सून :
आणि भाड्याचं उत्पन्न न दाखवणारे चोर आहेत या मतावर मी ठाम आहे.

मिलपीटास :
माझ्या वडिलांचा एकही गाळा नाही, बाई.

तिरकस तात्या :
संपादक मंडळ, धाग्याचं नाव 'गाळा कुणाचा' करून टाका.

नवखा_शार्लट :
दिग्गजांच्या भांडणात नाक खुपसतोय, क्षमस्व. आईबाबा एप्रिलमध्ये येताहेत. बाबा 71, बीपी आणि शुगर. विमा फिक्स्ड घेऊ की कॉम्प्रिहेन्सिव्ह?

मिलपीटास :
कॉम्प्रिहेन्सिव्ह. फिक्स्डमध्ये एकेका गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं तुझ्या डोक्यावर. आणि 'अक्यूट ऑनसेट'चं, म्हणजे जुना आजार अचानक उसळला तर काय मिळतं त्याचं, कलम पूर्ण वाच. बऱ्याच प्लॅनमध्ये सत्तरीनंतर ती सोय नावापुरती उरते किंवा नसतेच. एजंट सांगणार नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी माझी नाकारलेली पत्रं पाठवतो, ती वाचून मग सही कर.

फ्रीमाँटची सून :
आणि गोळ्या तीन महिन्यांच्या घेऊन यायला सांग, प्रिस्क्रिप्शनसकट. हे मात्र मिलपीटास बरोबर बोलले.