मदत हवी आहे: मॉफेट फील्डच्या सफाईबद्दल आमच्यासारख्या भाडेकरूंनी मत द्यायचं का?

वाटसरू_१०१

मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, चूकभूल द्यावीघ्यावी.

आम्ही कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला, व्हिस्मन रोडजवळ भाड्याने राहतो. गेल्या आठवड्यात टपालात एक पत्रक आलं. पिझ्झाच्या कुपनांबरोबर तेही कचऱ्यात जाणार होतं, तेवढ्यात 'नौदल' हा शब्द दिसला. हायवे १०१ वरून जो अवाढव्य हँगर दिसतो ना, त्या मॉफेट फील्ड या नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या जमिनीत आणि भूजलात जुनं प्रदूषण आहे, त्याच्या सफाईवर बैठक आहे, रहिवाशांनी येऊन बोलावं, असा मजकूर. त्यात टीसीई नावाच्या द्रावकाचा उल्लेख. शोधायला बसलो आणि झोपच उडाली, कारण बायकोला तिसरा महिना आहे आणि गर्भाच्या हृदयावर याचा परिणाम होऊ शकतो असं वाचलं. करार करताना घरमालकाने चकार शब्द काढला नव्हता. (काढलाही असेल, मी चाळीस पानांवर डोळे मिटून सह्या केल्या.)

बैठकीला जाऊन काही उपयोग असतो का? आणि आम्ही एच-वन-बीवर. लष्कराशी संबंधित गोष्टीत तोंड उघडलं तर व्हिसाला बाधा येईल का? जाणकारांनी सांगावं.

कडू कारलं

सगळं आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडची जनसुनावणी आठवा. मांडव, बिसलेरी, इतिवृत्त, संपलं.

भूजलवाला

याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नकाशा नीट बघा. तिथलं भूजल दक्षिणेकडून उत्तरेला, खाडीकडे वाहतं. तुम्ही १०१ च्या दक्षिणेला. म्हणजे नौदलाचं प्रदूषण तुमच्या घराखाली येत नाही, उलट तुमच्याकडचं तिकडे जातं! मिडलफील्ड, एलिस आणि व्हिस्मन या रस्त्यांमधल्या पट्ट्यात चिपांचे जुने कारखाने होते: फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन. तिथून झिरपलेलं टीसीई हायवेखालून मॉफेटमध्ये गेलं आणि नौदलाच्या टीसीईत मिसळलं. कोणी काय साफ करायचं यावर किती वर्षं खल झाला असेल, कल्पना करा.

नळाच्या पाण्याची काळजी सोडा. शहराचं बहुतेक पाणी योसेमिटीतल्या हेच हेची धरणाचं आहे, हे उथळ भूजल कोणी पीत नाही. बघायची ती वाफ. टीसीई उडनशील असतं, ते जमिनीतून वर येऊन फरशीच्या भेगांतून घरात शिरू शकतं. त्यामुळे तुमचा पहिला फोन नौदलाला नको, ईपीएच्या (सरकारी पर्यावरण संस्थेच्या) प्रकल्प अधिकाऱ्याला करा. घर त्यांच्या अभ्यासक्षेत्रात येतं का आणि आतली हवा तपासली आहे का, एवढंच विचारा. इमारत नवी असेल तर फरशीखाली वाफ बाहेर काढणारी यंत्रणा आहे का, हे घरमालकाकडून लेखी घ्या. आणि बायकोच्या डॉक्टरांना आजच सांगा, बैठकीची वाट बघू नका.

आता बैठक. ती सफाईवरच्या सल्लागार मंडळाची असते, त्याला इथे 'रॅब' म्हणतात. दोन अध्यक्ष असतात, एक लष्कराचा आणि एक रहिवाशांमधला. मंडळाला निर्णयाचा अधिकार नाही, फक्त सल्ल्याचा. तिथपर्यंत कारलेसाहेबांचं खरं. पण सुपरफंड या प्रदूषित जागांच्या सफाईच्या कायद्याखाली सफाईचा प्रस्ताव आला की लोकांच्या मतांसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. वेळेत मागणी केली की आणखी ३० मिळतात. महत्त्वाच्या हरकतींना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते अंतिम निर्णयाच्या कागदपत्रांना जोडलं जातं. म्हणून 'आम्हाला काळजी वाटते' असं लिहू नका, त्याचं उत्तर 'नोंद घेतली' एवढंच येतं. अहवालाचं पान सांगा, भूजल तपासायच्या विहिरीचा क्रमांक सांगा, अमुक मोजमाप का थांबवलं ते विचारा.

व्हिसाचं म्हणाल तर मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. मंडळाचं सदस्य व्हायचं असेल तरी त्या भागात राहणं किंवा काम करणं पुरतं. फक्त लेखी मत सार्वजनिक नोंदीत जातं, तेव्हा त्यात फोन नंबर घालू नका.

सईची आई

कारल्या, हँगर वनचं काय झालं ते ऐक. १९३३ चा तो, 'मेकन' नावाच्या महाकाय, फुग्यासारख्या एअरशिपसाठी बांधलेला, आठ एकर जागा व्यापतो. त्याच्या पत्र्यांत पीसीबी नावाचं विषारी रसायन निघालं. २००६ मध्ये नौदलाने सरळ पाडूनच टाकायचा प्रस्ताव ठेवला. लोक इतके भडकले! मी तेव्हा सईला कडेवर घेऊन गेले होते, बसायला जागा नव्हती. पायलट होते, इतिहासवाले होते, ज्यांना विमानातलं ओ की ठो कळत नाही अशा माझ्यासारख्याही होत्या. २००८ मध्ये नौदलाने बेत बदलला: विषारी पत्रे काढायचे, सांगाडा ठेवायचा. मग कितीतरी वर्षं तो नागडा सांगाडा बघत ऑफिसला गेले. २०१४ मध्ये गूगलच्या कंपनीने ६० वर्षांचा भाडेकरार केला आणि त्यावर नवं आवरण चढवायची जबाबदारी घेतली. पाडला असता तर आज तिथे काय असतं सांग.

कडू कारलं

हँगर वाचला, मान्य. पण तो दिसतो म्हणून लोक आले, काकू. भूजल दिसत नाही. त्याच्यासाठी कोण मूल कडेवर घेऊन येणार?

भूजलवाला

हे मात्र बरोबर बोललात. म्हणूनच तज्ज्ञ लागतो. स्वतंत्र सल्लागार नेमायला रॅब संरक्षण खात्याकडे पैसे मागू शकतं, वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत. पण मागायला कोणीतरी लागतं. आणि अग्निशमन फेसातल्या पीफास नावाच्या रसायनांबद्दल जरूर विचारा. विमानतळांवर तो फेस वर्षानुवर्षं वापरला गेलाय.

वाटसरू_१०१

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोललो, ईपीएला ईमेल केली. घरमालक अजून 'बघून सांगतो'वर अडकलाय. शनिवारी सकाळी शहराच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मॉफेटच्या फायली बघणार आहे. विहिरींचे तक्ते वाचता येणारं कोणी जवळपास राहत असेल तर व्यनि करा. कॉफी माझ्याकडून.